बाराच्या जागी एकोणीस

"पडली होती का?" काउंटरवर ठेवलेल्या हार्ड डिस्कच्या काळ्या पेटीला हातही न लावता दुरुस्तीवाल्याने विचारलं.

"हो," सून म्हणाली. "म्हणजे फार उंचावरून नाही. टेबलावरून खालच्या पुस्तकांच्या गठ्ठ्यावर. माझ्या नवऱ्याने मोबाइलचा चार्जर ओढला, त्यात हिची वायर अडकली होती."

"चालू होती तेव्हा?"

"नाही, बंद होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी लावायला गेले तर काहीच नाही. दिवा नाही, आवाज नाही. निपचित."

दुरुस्तीवाल्याने नाक ओढलं. त्याला सर्दी झाली होती आणि गळ्याला मफलर होता. त्याच्या मागे भिंतभर फळ्या होत्या आणि फळ्यांवर पोट उघडलेली यंत्रं आडवी निजली होती.

"मग मी हिला वीज लावत नाही," तो म्हणाला. "आत आरशासारखी तबकडी असते, ताई. तिच्यावर सुई तरंगते, अगदी केसाच्याही कमी अंतरावर. ती सुई वाकली असेल आणि आपण उत्साहाने बटण दाबलं, तर उरलंसुरलंही खरवडून निघतं. ही उघडायला लागणार. ते काम इथल्या धुळीत होत नाही, बाहेरगावी प्रयोगशाळेत पाठवतो आम्ही. उद्या दुपारी पार्सल जाईल."

"सगळं मिळेल ना?"

"पोट उघडल्यावर काय निघेल ते आधी कोण सांगणार? काहींचं मिळतं. काहींचं तुकड्यातुकड्यांनी मिळतं. काहींचं नाहीच."

सुनेने ओठ चावला. तिच्या मागे, भिंतीला टेकलेल्या बाकड्यावर तिचे सासरे बसले होते. त्यांनी पायांजवळची पिशवी उगाचच एका बाजूची दुसऱ्या बाजूला ठेवली.

"आणखी एक विचारून घेतो," दुरुस्तीवाला पावती फाडता फाडता म्हणाला. "वीज चुकीची लागली नव्हती ना? दुसराच अडॅप्टर वगैरे? हल्ली घरोघरी ढीगभर अडॅप्टर, आणि सगळ्यांच्या पिना सख्ख्या बहिणी."

दोन दिवसांत सून पहिल्यांदा हसली. "छे, छे. ते दुसऱ्या कुठल्याही घरात होईल, आमच्याकडे नाही. हे माझे सासरे. कारखान्यात इलेक्ट्रिकल फोरमन होते. घरातली एकूण एक वायर त्यांच्या हाताखालून जाते."

"मग काय! घरातच सबस्टेशन!" दुरुस्तीवाल्याने हात जोडले. "नमस्कार, फोरमनसाहेब."

फोरमननी हात जोडले. आणि ते हसले. पुढे कितीतरी दिवस त्यांना बाकी काही नाही, ते आपलं हसणं तेवढं आठवत राहिलं.

कारखाना सोडून त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण नाव सुटलं नव्हतं. खालच्या मजल्यावरचे लोक, दूधवाला, बायकोच्या माहेरचे, सगळे त्यांना फोरमनच म्हणत. कुणाच्या घरी फ्यूज गेला, कुणाचा पंखा घरघरला, की फोरमनना हाक. ते जात, पण हातासरशी बोलत. "हे कुणी जोडलं? आंधळ्याने?" लोक ऐकून घेत, कारण काम चोख असे. घरात तर त्यांच्या परवानगीशिवाय कुणी बल्बही बदलत नसे. मुलगा लहान असताना एकदा इस्त्रीच्या प्लगची वायर त्याने हौसेने बसवली होती, चुकीची. घरात पाहुणे होते. फोरमननी तो प्लग सगळ्यांसमोर उघडून दाखवला आणि म्हणाले, "बघा. पोराच्या हाताला अक्कलच नाही." पाहुणे हसले. पोरगाही हसला. त्यानंतर त्याने स्क्रूड्रायव्हर म्हणून हातात धरला नाही. तो विमा कंपनीत लागला, चांगला रुळला, लग्न झालं. पण घरात दिवा गेला की चाळिशीला आलेला हा माणूस अजून हाक मारी, "बाबा, जरा बघता का?"

सून इस्पितळात वाचाउपचार करायची. पक्षाघाताने बोलणं गेलेल्यांना ती पुन्हा शब्द शिकवायची. शिवाय तिचं आणखी एक काम होतं, ते तिने स्वतःच अंगावर घेतलेलं. घशाच्या आजाराने ज्यांचं स्वरयंत्र काढावं लागणार असे, त्यांचा आवाज ती शस्त्रक्रियेच्या आधी ध्वनिमुद्रित करून ठेवायची. पुढे यंत्रातून बोलायची वेळ आली तर त्या यंत्राला निदान त्या माणसाचा स्वतःचा आवाज देता यावा म्हणून. आणि तसं नाही जमलं, तर घरच्यांना ऐकायला तरी. इस्पितळातलं ध्वनिमुद्रणयंत्र पुढच्या रुग्णासाठी रिकामं करावं लागे, म्हणून ती सगळे आवाज घरी आणून त्या काळ्या पेटीत ठेवायची. दुसरी प्रत करायची आहे, करायची आहे असं ती वर्षभर म्हणत होती.

एवढं सगळं फोरमनना माहीत होतं. पेटीत काय आहे ते माहीत नव्हतं, असं म्हणायलासुद्धा त्यांना जागा नव्हती.

झालं होतं ते इतकंच. त्या दिवशी दुपारी सून आणि मुलगा कामावर होते आणि फोरमनना करायला काही नव्हतं. सुनेच्या टेबलामागे वायरींचं जंजाळ झालं होतं. येता-जाता ते त्यांच्या डोळ्यांत खुपायचं. आज त्यांनी ठाण मांडलं. सगळ्या पिना काढल्या, फडक्याने पुसल्या, वायरी सरळ केल्या, एकेक वीत सोडून दोऱ्याने गाठी मारल्या. कारखान्यात त्यांच्या हाताखाली बांधलेल्या वायरी बघायला दुसऱ्या खात्याची माणसं यायची. तशाच बांधल्या. मग एकेक पीन जागेवर घातली. चष्मा आतल्या खोलीत होता. उठायचा कंटाळा केला. हाताला कळतं, असा त्यांचा आयुष्यभराचा विश्वास.

लॅपटॉपच्या अडॅप्टरची पीन त्या काळ्या पेटीत अगदी अलगद बसली. त्यांनी बटण दाबलं.

फुटाणा फुटावा तसा टच्‌कन आवाज झाला. मग वास आला. त्या वासाला काय म्हणतात हे फोरमनना कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांनी पीन उपटली, धावत जाऊन चष्मा आणला आणि अडॅप्टरच्या पोटावरची बारीक अक्षरं वाचली. पेटीला हवे होते बारा व्होल्ट. त्यांनी दिले होते एकोणीस.

"अहो, वास कसला येतोय?" स्वयंपाकघरातून बायकोने विचारलं.

"बाहेरून येतोय. कुणीतरी कचरा जाळतंय."

तोंड आपोआपच बोलून गेलं. फोरमन स्वतःच चकित झाले. त्यांनी आता बरोबरचा अडॅप्टर लावून पाहिला. त्याचा हिरवा दिवा लुकलुकला आणि विझला, लुकलुकला आणि विझला. म्हणजे आत शॉर्ट. त्यांनी सगळं होतं तसं ठेवलं, चुकीची पीन बरोबर जागी गेली, गाठी सरळ केल्या. संध्याकाळी सून आली की सांगू, असं ठरवलं.

सून आली, टेबल पाहिलं आणि ओरडलीच. "अय्या, बाबा! तुम्ही केलंत हे? किती सुंदर!" तिने मोबाइलवर त्या बांधलेल्या वायरींचा फोटो काढला आणि इस्पितळातल्या मैत्रिणींना पाठवला. "बघा म्हणावं, आमच्या घरी असं असतं."

त्या कौतुकाच्या तोंडावर कसं सांगणार? जरा वेळाने सांगू, म्हणून ते बाल्कनीत जाऊन उभे राहिले. तेवढ्यात आतून सुनेचा आवाज आला, "हे चालू का होत नाहीये?"

मग ती घाबरी झाली. मुलगा कपडे बदलत होता तो तसाच बाहेर आला. त्याने पेटीकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि एका दमात म्हणाला, "अगं, काल रात्री माझ्या हातून पडली होती ही. चार्जर ओढताना. मला वाटलं काही झालं नाही, म्हणून बोललो नाही. माझीच चूक आहे."

बोलायला त्याला दोन क्षणही लागले नाहीत. फोरमन दारात उभे होते. त्यांनी तोंड उघडलं. सगळं सांगून टाकण्याची वेळ तीच होती, आणि त्यांच्या तोंडून निघालं ते असं:

"तुला हजारदा सांगितलंय, वायर धरून ओढायची नसते."

तीस वर्षांची जिभेची सवय. बाण सुटावा तसं सुटलं. मुलाने मान खाली घातली आणि म्हणाला, "हो, बाबा."

त्या रात्री सून नवऱ्याला तोडून बोलली, आणि त्यानंतर त्याच्याशी एक शब्द नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मुलगा पाहुण्याच्या घरी राहिल्यासारखा, पावलं न वाजवता वावरत होता. ताटात वाढलेलं अर्धं टाकून उठत होता. आणि फोरमन त्याच्या समोर बसून पूर्ण ताट संपवत होते, कारण मध्येच उठले असते तर बायकोने कारण विचारलं असतं.

दुकानातून दोघं रिक्षाने परत येत होते. मध्येच सून म्हणाली, "एक बसकंडक्टर आहेत, बाबा. गेल्या आठवड्यात त्यांचं ऑपरेशन झालं. चार बैठका घेतल्या होत्या आम्ही. इतके बोलके! त्यांच्या मिसेस उद्या येणारेत, आवाज मागायला. काय सांगू त्यांना?"

फोरमननी रिक्षाच्या बाहेर पाहिलं. "मिळेल," ते म्हणाले.

"तुम्ही म्हणता म्हणजे मिळेल," सून म्हणाली आणि तिने डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं कामावर गेल्यावर घर रिकामं झालं. फोरमन वर्तमानपत्र समोर धरून बसले होते. बायको धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती.

"त्या दिवशी कचरा जाळत होतं ना कुणीतरी," ती घडीवर हात फिरवत म्हणाली, "त्याचा वास पडद्याला अजून आहे."

फोरमननी वर्तमानपत्र खाली केलं.

"तीस वर्षं तुमचे कारखान्याचे कपडे धुतलेत मी," ती म्हणाली. "कचऱ्याचा वास कुठला आणि तुमचा कुठला, एवढं कळतं मला."

"मग बोलली का नाहीस?"

"मी कशाला बोलू? तोंड तुमचं आहे." तिने मुलाचा सदरा उचलला, झटकला. "पोरगं रात्री पाणी प्यायला उठलं होतं. मी विचारलं, झोप नाही का येत? तर म्हणतो, आई, माझ्या हातालाच काहीतरी आहे गं."

फोरमन उठले. चप्पल घालताना त्यांना पट्टा सापडेना. बायकोने येऊन चप्पल सरळ करून दिली. तेवढंच.

दुकान नुकतंच उघडलं होतं. दुरुस्तीवाला मफलर सोडून चहा पीत होता. काळी पेटी फुग्याफुग्यांच्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, पत्ता चिकटवून काउंटरच्या टोकाला ठेवलेली होती.

"या, सबस्टेशन!" तो म्हणाला. "काय राहिलं?"

वाटेत फोरमननी वाक्य जुळवून ठेवलं होतं. 'एक शक्यता अशी आहे की' असं ते सुरू होत होतं. पण दुकानात आल्यावर ते वाक्य त्यांनी टाकून दिलं.

"पडल्याने नाही झालं ते," ते म्हणाले. "मी लॅपटॉपचा अडॅप्टर लावला होता. एकोणीसचा."

दुरुस्तीवाल्याने कप खाली ठेवला. "तुम्ही?"

"मी."

"मग काल का नाही…" त्याने वाक्य अर्धवट सोडलं. म्हाताऱ्याकडे पाहिलं, आणि पाहायचं टाळून पार्सलची चिकटपट्टी कापायला घेतली. तेवढ्यानेही फोरमनना कानाखाली बसल्यासारखं झालं. कारखान्यात त्यांनी कुणाला कधी असं पाहायचं टाळून सोडलं नव्हतं.

"आलात ते बरं केलंत," दुरुस्तीवाला म्हणाला. "तिकडे गेली असती तर पहिल्यांदा पोट उघडलं असतं हिचं. विनाकारण."

त्याने पेटीचं कवच काढलं. आतली डिस्क उलटी केली, तिच्या पाठीवरची हिरवी पट्टी सोडवली आणि भिंगाखाली धरली. मीटरच्या दोन सुया टेकवल्या. मीटर पीं करून ओरडला.

"हे बघा. बारा व्होल्टच्या वाटेवर हा एवढासा दाणा असतो. राखणदार. दाब जास्त आला की हा स्वतः मरतो, पण पुढे जाऊ देत नाही. मेला तो दाराला आडवा पडून मेलाय, म्हणून बरोबरचीही वीज आत शिरेना."

"फ्यूजच की."

"फ्यूजचा चुलतभाऊ. तो तुटतो, हा आडवा पडतो."

फोरमननी भिंगातून पाहिलं. काळ्या दाण्याला मधोमध तडा गेला होता. मोहरीहून थोडा मोठा असेल. दुरुस्तीवाल्याने सोल्डरचं तापलेलं टोक दोन्ही बाजूंना टेकवलं आणि चिमट्याने तो दाणा उचलून बाजूला ठेवला. पुन्हा मीटर लावला. या वेळी मीटर गप्प राहिला.

"आता हा नसला तरी ही चालते, पण हिला राखण उरली नाही. पुन्हा चुकलं तर सरळ राम म्हणायचं. सगळं आधी दुसरीकडे उतरवून घेऊ." त्याने डिस्क थेट आपल्या संगणकाला जोडली, बारा व्होल्ट दोनदा तपासले आणि बटण दाबलं.

क्षणभर काहीच झालं नाही. मग आत काहीतरी हललं आणि एक बारीक, चढत जाणारा सूर सुरू झाला. दुरुस्तीवाल्याने बोट वर केलं, जसं गाणं ऐकताना करतात. फोरमन बाकड्यावर बसले.

नवी डिस्क घेऊन तिच्यात सगळं उतरवायला सुरुवात झाली. पट्टी हळूहळू भरत होती. दुरुस्तीवाला उरलेला गार चहा पिऊन म्हणाला, "सूनबाईंना मी काय सांगू? म्हणाल तर सांगतो, आतली जोडणी सैल झाली होती. पडल्यामुळेही होते तशी. खोटंही नाही फारसं. तुमचं नाव कशाला मध्ये?"

"हं," फोरमन म्हणाले. छातीवरचा धोंडा कुणी उचलल्यासारखं वाटलं. "तसंच सांगा."

"आवाज नीट आहेत का बघू एखादा उघडून," दुरुस्तीवाला म्हणाला आणि त्याने यादीतलं पहिलं हाताला लागलेलं दाबलं.

"पुढे सरका, पुढे सरका!" दुकान दणाणलं. "दारात कोण उभं आहे? काका, बस तुमच्या सासऱ्याची नाही, आत या! मावशी, पिशवी मांडीवर घ्या, तिचं तिकीट लावू का?" मागे सुनेच्या हसण्याचा आवाज होता. मग तो माणूसही हसला, खोकला, आणि हळू आवाजात म्हणाला, "ताई, एवढं बास का? का अजून ओरडू? घरी मला ओरडू देत नाहीत. आता बायको म्हणते कशी, ओरडा की एकदा. आता कसलं ओरडतोय मी." थोडा वेळ नुसता श्वास ऐकू आला. "बरं, हे पण घ्या. चला, शेवटचा थांबा. सगळ्यांनी उतरून घ्या."

दुरुस्तीवाल्याने हात पुढे करून ते बंद केलं. तो मफलरच्या टोकाने नाक पुसू लागला.

तो आवाज आता जगात कुठल्याच गळ्यात नव्हता. या डबीत तेवढा होता. आणि तीन दिवस फोरमन स्वतःचं नाक वर राहावं म्हणून त्याला बाहेरगावी, पोट फाडायला पाठवायला निघाले होते. चूक झाली होती ती एका बटणाची. बाकी जे होतं त्याला चूक म्हणत नाहीत, एवढी अक्कल त्यांना होती.

दोन्ही डिस्क छातीशी धरून ते इस्पितळात गेले. सुनेच्या विभागात ते पूर्वी कधी आले नव्हते. लांब व्हरांडा, दोन्ही बाजूंना बाकं. एका बाकावर गळ्याला पांढरी पट्टी बांधलेला एक दांडगा माणूस बसला होता आणि त्याच्या शेजारी एक बाई. माणसाने फोरमनना बावरलेलं पाहिलं, टाळी वाजवून त्यांचं लक्ष वेधलं आणि हाताने दिशा दाखवली. पुढे, डावीकडे, दुसरा दरवाजा. इतक्या सफाईने, की फोरमनना तो कोण हे विचारावं लागलं नाही.

सून दारातच भेटली. त्यांच्या हातात डिस्क पाहून तिचा चेहरा पांढरा पडला.

"मिळालं," फोरमन म्हणाले. "सगळं. ही नवी प्रत, ही जुनी."

"सगळं?" तिने डिस्क घेतल्या, दोन्ही हातांनी धरल्या आणि एकदम लहान मुलीसारखी रडायलाच लागली. "कसं झालं? काय झालं होतं?"

"जोडणी…" फोरमन म्हणाले.

पण तिने पुढचं ऐकलंच नाही. मोबाइल काढला. "थांबा, आधी ह्याला सांगते. तीन दिवस धड जेवला नाहीये तो. फार बोलले हो मी त्याला. काय काय बोलले."

"थांब," फोरमन म्हणाले. "फोन करू नकोस."

"का?"

"ती पडल्याने बिघडली नव्हती. टेबल आवरताना मी चुकीचा अडॅप्टर लावला. जळली तिथंच. तू आलीस तेव्हा मला ठाऊक होतं."

सून त्यांच्याकडे पाहत राहिली. मोबाइल हातात तसाच होता. व्हरांड्यातून कुणीतरी चाकाची खुर्ची ढकलत नेली, तिला वाट द्यायला दोघांना भिंतीला टेकावं लागलं.

"दुकानात," ती म्हणाली, "त्यांनी सरळ विचारलं होतं. आणि मी तुमच्याकडे बोट दाखवून सांगितलं."

"हो."

"तुम्ही हसलात, बाबा."

फोरमननी मान हलवली.

"बिघडलं त्याचं मला काही नाही," ती म्हणाली. आवाज चढला नाही, उलट इतका उतरला की त्यांना वाकून ऐकावं लागलं. "माझ्या हातून झालं असतं, कुणाच्याही. पण त्याला तुम्ही म्हणालात, हजारदा सांगितलंय म्हणून. तुम्हाला माहीत असताना. आणि मी तुमचं ऐकून त्याला तोडून बोलले." तिने मोबाइल खिशात टाकला. "मी नाही सांगणार त्याला. तुम्हीच सांगा."

एवढं बोलून ती त्या बाकाकडे गेली. बाई उठून उभी राहिली होती. फोरमन मागच्या जिन्याने उतरले.

संध्याकाळी मुलगा येईपर्यंत ते दाराजवळच्या खुर्चीवर बसून होते. बायकोने दिवा लावला, त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला. मुलगा आला, वाकून बुटाची नाडी सोडू लागला.

"तुझ्या हातून काही झालं नव्हतं," फोरमन म्हणाले.

"काय?"

"ती डिस्क. मी तिला एकोणीस व्होल्ट दिले. चष्मा न लावता."

मुलगा एक बूट हातात घेऊन तसाच वाकलेला राहिला. मग सावकाश सरळ झाला. त्याच्या चेहऱ्यावर राग येईल म्हणून फोरमन वाट पाहत होते. राग आला असता तर बरं झालं असतं. पण तो घाबरल्यासारखा दिसत होता.

"तुम्हाला भाजलं वगैरे नाही ना कुठे?" त्याने विचारलं.

"नाही."

"हात बघू."

फोरमननी हात पुढे केले. मुलाने ते उलटसुलट करून पाहिले. या माणसाच्या इस्त्रीच्या प्लगसाठी पाहुण्यांना जवळ बोलावलं होतं आपण. भाजलं का, असं तेव्हा विचारलं होतं का? फोरमननी आठवून पाहिलं. नव्हतं विचारलं.

"डिस्क मिळाली," ते म्हणाले. "सगळं आहे तिच्यात."

"बरं झालं." मुलाने बूट कपाटाखाली सारला. दुसरा काढायला घेतला आणि थांबला. "त्या दिवशी मला म्हणालात, वायर ओढायची नसते."

"हो."

"तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

"माहीत होतं."

मुलाने नाडी सोडवली, दुसरा बूट पहिल्याशेजारी लावला आणि आत निघून गेला. नळ बंद झाला. आतून माय-लेकांचं काहीतरी बोलणं ऐकू आलं, पण शब्द कळले नाहीत.

पुढे कुणी तो विषय काढला नाही. घरात सगळे व्यवस्थित वागत होते. सून चहा आणून द्यायची, तब्येत विचारायची. फक्त "बाबा, जरा ऐका ना" अशी तिची जी लाडाची हाक होती, ती येईनाशी झाली. मुलगा "जेवलात का" विचारायचा आणि उत्तर ऐकून आत जायचा. शेजारच्या बाईंचा पंखा बिघडला तेव्हा फोरमन गेले, पण आधी ज्याने जोडला होता त्याला काही न बोलता दुरुस्त करून आले. त्या बाईंनी बायकोला विचारलं, फोरमनना बरं नाही का?

मग एका रविवारी स्वयंपाकघरातली ट्यूब गेली. बायकोने सवयीने बाहेरच्या खोलीकडे तोंड करून हाक मारली. फोरमन उठायच्या आत मुलगा आतल्या खोलीतून आला. हातात नवी ट्यूब होती. त्याने मेन बंद केला, स्टूल ओढलं आणि काही न बोलता वर चढला.

स्टूल डुगडुगत होतं. फोरमन जाऊन खाली बसले आणि त्यांनी ते दोन्ही हातांनी धरलं. मुलाने वरून एकदा पाहिलं. "धरा," म्हणाला.

त्याला जमत नव्हतं. जुनी ट्यूब निघायला वेळ लागला. नवीचं एक टोक खाचेत बसलं, दुसरं सुटलं. पुन्हा बसवलं, पुन्हा सुटलं. पिना खाचेत गेल्यावर पाव वळसा द्यायला हवा होता, आणि तो वळसा न देताच हात सोडत होता. दोन शब्दांचं काम होतं. सून दारात येऊन उभी राहिली. फोरमनच्या ओठांपर्यंत ते दोन शब्द आले.

त्यांच्या डोळ्यांसमोर मुलाच्या टाचा होत्या, भेगा पडलेल्या, वर ताणलेल्या. वर काच खाचेत घासत होती, थांबत होती, पुन्हा घासत होती. फोरमननी मान खाली घातली आणि स्टुलाचे पाय घट्ट धरून ते बसून राहिले.